आरएक्स १०० चा बिगएंड गेला आहे, हे नक्की कसे ठरवावे?

प्रश्न (सातारा)

सप्रेम नमस्कार. वडिलांनी १९९३ साली घेतलेली यामाहा आरएक्स १०० आमच्याकडे अजून रोजच्या वापरात आहे. गेल्या दोन महिन्यांपासून इंजिन गरम झाल्यावर खालच्या बाजूने जड ठोक्यासारखा आवाज येतो. चढावर थ्रॉटल उघडून मग एकदम सोडला की तो अधिक स्पष्ट होतो, आणि सकाळी थंड इंजिनात मात्र जवळजवळ ऐकूच येत नाही. एका मेकॅनिकने सिलिंडर बोअर करून (आतून कापून मोठा करून) नवा पिस्टन टाकण्यास सांगितले. दुसऱ्याने नुसता आवाज ऐकून ‘कनेक्टिंग रॉड गेला, क्रँक उघडावा लागेल’ असे निदान केले, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या रॉडचे खालचे मोठे टोक, बिगएंड, झिजले आहे. मी स्वतः सिलिंडर उतरवून पाहिला. पिस्टनवर खोल ओरखडे नाहीत, परंतु रॉडचे वरचे टोक डावी-उजवीकडे सहज हलते. एवढे हलणे म्हणजेच झीज समजावी का? आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते: आठ वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ऑइल पंप काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून आम्ही पेट्रोलमध्येच टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल मिसळतो.

उत्तर (कोल्हापूर, लेथकाम)

नमस्कार. रॉड आडवा हलतो म्हणून तो गेला, असे कृपया समजू नका. या इंजिनात रॉडचे मोठे टोक सुया असलेल्या बेअरिंगवर फिरते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वॉशर असतात. आडवी मोकळीक तेथे मुद्दाम ठेवलेली असते, कारण तिच्याशिवाय तेल आत शिरणार नाही. यामाहाच्या त्या काळातील लहान टू-स्ट्रोक इंजिनांसाठी वरच्या टोकाचे आडवे हलणे साधारण ०.८ ते १ मिमी असावे आणि २ मिमीच्या पुढे गेल्यास क्रँक उघडावा, असा दंडक आहे. खाली वॉशरपाशी फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून मोजल्यास फट ०.२ ते ०.७ मिमीच्या दरम्यान असावी.

खरी परीक्षा उभ्या दिशेची आहे. तेलाच्या थराने सैलपणा झाकला जातो, म्हणून आधी रॉडचे खालचे टोक पेट्रोलने धुऊन घ्या. मग क्रँक सर्वांत वर आणून मॅग्नेटो (क्रँकच्या टोकावरील चाक) कोणाला तरी घट्ट धरून ठेवण्यास सांगा आणि रॉड सरळ वर ओढून सरळ खाली दाबा. बोटांना अगदी बारीक ‘टक’ जाणवली तरी बिगएंड संपला असे समजावे. उभ्या दिशेने हाताला जाणवेल अशी मोकळीक तेथे मान्यच नाही. मात्र रॉड तिरका ओढला गेला तर आडव्या हलण्यालाच आपण उभी झीज समजून बसतो, आणि ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. धुतलेले बेअरिंग कोरडे असताना क्रँक गरागरा फिरवू नका. तपासणी संपताच त्यावर टू-टी ऑइल सोडा.

आवाजाबद्दल आपण दिलेले वर्णन बिगएंडकडेच बोट दाखवते. पिस्टन सैल असेल तर थंड इंजिनात खडखड जास्त असते आणि गरम झाल्यावर ती कमी होते. गजन पिनचा (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेचा) आवाज हलका आणि वरच्या बाजूचा असतो, तर मेन बेअरिंग (ज्यावर क्रँक फिरतो ते) गेले की सतत घरघर येते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होत असल्याने रॉड बहुतेक वेळ खालीच दाबलेला राहतो; त्यामुळे झीज बरीच वाढेपर्यंत ठोका दबून राहतो आणि थ्रॉटल सोडल्यावर उघडा पडतो.

उत्तर (नाशिक)

वरील सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे. त्यात माझ्या गाडीचा अनुभव जोडतो. मी चार वर्षांपूर्वी रॉडचे किट बसवून घेतले आणि अवघ्या काही महिन्यांत मेन बेअरिंग ओरडू लागले. किट चांगले होते, पण जोडलेला क्रँक इंजिनाच्या केसमध्ये (बाहेरच्या कवचात) बसत नाही म्हणून त्याच्या टोकावर हातोडा मारण्यात आला होता. हा क्रँक दाबून जोडलेला असतो. पिनच्या दोन्ही बाजूंची चाके केवळ घट्ट बसणीवर एकमेकांशी सरळ राहतात, त्यामुळे एका ठोक्याने लेथवाल्याची सगळी मेहनत वाया जाते. क्रँक केसमध्ये ओढून बसवण्याचे हत्यार ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडेच काम द्यावे.

प्रश्नकर्ता (सातारा)

आपल्या सूचनेप्रमाणे मोजमाप केले. आडवे हलणे सुमारे २.६ मिमी भरले आणि धुतल्यानंतर उभ्या दिशेने स्पष्ट ‘टक’ जाणवली, त्यामुळे माझी शंका फिटली. आता केवळ बेअरिंग बदलावे की पूर्ण किट घ्यावे? शिवाय पंप नसल्यामुळे हे झाले असेल का?

उत्तर (कोल्हापूर, लेथकाम)

केवळ बेअरिंग बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. येथे सुयांच्या बाहेर वेगळी कडी नसते. त्या एका बाजूने रॉडच्या आतल्या पृष्ठभागावर आणि दुसऱ्या बाजूने थेट क्रँक पिनवर धावतात. या दोन्ही पृष्ठभागांचे कडक कवच पातळ असते आणि त्याला खड्डे पडू लागले की नव्या सुयाही लवकरच खराब होतात. म्हणून रॉड, पिन, सुया आणि वॉशर एकत्रच बदलावेत.

प्रेसवर पिन काढण्यापूर्वी दोन्ही चाकांची बाहेरून बाहेरची रुंदी मोजून लिहून ठेवायला सांगा, आणि जोडल्यावर तीच रुंदी मिळायला हवी. त्यानंतर क्रँक व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून दोन्ही टोकांना डायल गेज (वाकडेपणा दाखवणारे काट्याचे मापक) लावावा, वाकडेपणा ०.०३ मिमीच्या आत आला पाहिजे. हे मोजमाप आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या, कारण ‘एकदम सरळ आहे’ या तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही. पिन सैल बसत असेल तर काही जण ती वेल्डिंग करून देतात, आणि याला माझा ठाम विरोध आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने चाक वाकते आणि पुढच्या वेळी क्रँक उघडणे जवळजवळ अशक्य होते. सैल झालेले चाक बदलणे हाच मार्ग आहे.

केस उघडलीच आहे तर दोन्ही मेन बेअरिंगे आणि दोन्ही ऑइल सीलही नवी घाला. मॅग्नेटोकडील सील गळले तर बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते आणि पिस्टन चिकटतो. क्लचकडील सील गेले तर गिअर ऑइल ओढले जाऊन पांढरा धूर येतो. केसचे कोपरे आणि सिलिंडरचे पोर्ट नीट धुऊन घ्या, कारण जुन्या बेअरिंगचा कण तेथे राहिला तर नव्याचा घात होतो.

पंपाविषयी सांगायचे तर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणे स्वतःमध्ये चूक नाही. लिटरला २० मिली म्हणजे १:५० हे प्रमाण झाले, पण ते दर वेळी मोजूनच घातले पाहिजे. मात्र साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी किंवा कात्रजचा उतार गिअरमध्ये, थ्रॉटल बंद ठेवून उतरलात, तर इंजिन वेगाने फिरत असते आणि पेट्रोल फारच थोडे जाते. पेट्रोलच नाही तर त्यातले तेलही नाही. यामाहाचा पंप क्रँकच्या गतीवर चालत असल्याने थ्रॉटल मिटलेला असतानाही थोडे तेल देत राहतो. आपल्या बिगएंडच्या झिजेत याचा वाटा असणे मला अगदी शक्य वाटते. पंप परत बसवा. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी त्याच्या नळीतील हवा पूर्ण काढा, केबलची खूण जुळवा आणि पहिल्या टाकीसाठी पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली ऑइल घाला. सिलिंडर चढवण्याआधी नव्या सुयांवर स्वतःच्या हाताने टू-टी ऑइल सोडायला विसरू नका.