प्रतिसाद: दुकान छोटं असलं तरी कायदा लागू होतो

लातूरकडच्या एका ऑनलाइन सेवा केंद्रवाल्यानं ग्राहकांची कागदपत्रं कशी सांभाळायची असं विचारलंय. त्यावर 'उलाढाल कमी आहे, आपल्याला डेटा कायदा लागू नाही' असं एका दादांनी लिहिलंय. तसं नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात उलाढालीची मर्यादाच नाही. ग्राहकांची माहिती लिहिलेली नुसती कागदी वही त्यात येत नाही, पण तिचा फोटो मोबाइलमध्ये काढला की येते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तोवर सवय लावून घ्या.

आता या सेवा केंद्राबद्दल. पीक विम्याच्या गर्दीत शेतकरी आधार आणि पासबुक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. खरा धोका इथंच आहे. एकच फाइल चॅटमध्ये, गॅलरीत, संगणकाच्या डाउनलोड्समध्ये आणि पुसल्यावर रिसायकल बिनमध्ये राहते. गॅलरीचा बॅकअप चालू असेल तर गुगल फोटोजवरही जाते. म्हणून आधी व्हॉट्सअ‍ॅपची 'मीडिया व्हिजिबिलिटी' (आलेले फोटो गॅलरीत दिसण्याची सेटिंग) बंद करा. सरसकट पुसू मात्र नका, कारण माहिती आणि प्रक्रियेच्या नोंदी किमान वर्षभर राखण्याची अट नियमांत आहे. एकच प्रत पासवर्डच्या फोल्डरमध्ये ठेवा, बाकीच्या पुसा, संगणकावर शिफ्ट-डिलीट करा म्हणजे रिसायकल बिनमध्ये राहत नाहीत. रात्री व्हॉट्सअ‍ॅप वेब लॉगआउट करा.

आधारच्या बिघडलेल्या झेरॉक्स रद्दीत देऊ नका, फाडा. विम्यासाठी घेतलेल्या नंबरवर जाहिरात पाठवायची तर वेगळी संमती घ्या, मराठीतच. माहिती फुटली तर ग्राहकाला आणि डेटा संरक्षण मंडळाला (या कायद्याखालचं सरकारी मंडळ) लगेच कळवायचं, मंडळाला सविस्तर तपशील 72 तासांत द्यायचा.