मदत हवी आहे: सोसायटीच्या गेटवर कामवाल्या मावशींच्या चेहऱ्याचं स्कॅन, नाही म्हणता येतं का?

नमस्कार. धागा जरा लांब होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय. कायद्याची माहिती असणाऱ्यांनी किंवा सोसायटीच्या कमिटीत काम केलेल्यांनी प्लीज वाचा.

आम्ही पुण्यात राहतो, सिंहगड रोडच्या बाजूला. १८६ फ्लॅटची सोसायटी आहे. आधी गेटवर वही असायची, नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सही, झालं. मग तीनेक वर्षांपूर्वी गेटचं ॲप आलं, पाहुणा आला की आपल्या मोबाइलवर वाजतं आणि आपण ॲप्रूव्ह करायचं. तेव्हा मीसुद्धा काहीही न वाचता सगळीकडे ओके ओके करत गेले, त्याचं आज वाईट वाटतंय. आता गेल्या महिन्यात कमिटीने व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस टाकली की धुणंभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं, ड्रायव्हर, गाडी पुसणारे अशा सगळ्यांनी आधारच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि चेहऱ्याचं स्कॅन गेटवरच्या टॅबवर द्यायचं, पुढच्या एक तारखेपासून चेहरा मॅच झाला तरच आत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातलं काहीच नाही, आमच्या गाडीवर स्टिकर आहे आणि पायी आलो तर वॉचमन काका ओळखतात. ते मावशींनाही ओळखतात हो! अकरा वर्षं रोज सकाळी सव्वासातला त्या त्याच गेटमधून आत येतायत.

मागच्या सोमवारी मी दूध आणायला खाली गेले तर गेटवर रांग. मावशी टॅबसमोर उभ्या. सिक्युरिटीचा नवीन मुलगा सांगतोय चष्मा काढा, पदर मागे घ्या, मान सरळ, डोळे मिचकवा. दोनदा झालं नाही. मागे बाकीच्या बायका उभ्या, कुणाला पुढच्या घरी साडेसातला पोचायचंय, घाई चाललेली. तिसऱ्यांदा तो म्हणाला परत बघा, तेव्हा मावशींनी चष्मा घातला, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "मला न्हाई द्यायचा फोटू." बास. वर आल्यावर भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "ताई, त्यो फोटू जातो कुठं? आन् मी उद्या काम सोडलं तर मला परत देत्यात का?" मला उत्तर देता आलं नाही. मी एका बँकेत नोकरी करते, दिवसभर लोकांची केवायसीची कागदपत्रं बघते, आणि मला उत्तर देता आलं नाही.

त्यांचा हट्ट उगाच नाहीये. तीस वर्षं भांडी घासून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. रेशनच्या दुकानात अंगठा मशीनवर लागत नाही, हात धुऊन, पुसून, परत परत लावायचा, मग दुकानदार म्हणतो दुपारी या. दोन वेळा दिवसाची मजुरी बुडवून हात हलवत परत आल्यात. त्या म्हणतात, "तिथं मशीन म्हणतंय मी मी न्हाई, आता हितंबी मशीनच सांगणार व्हय मी कोण ते?" यावर मी काय बोलणार.

मी ॲप नीट उघडून बघितलं. त्यात मावशींचं एक पान आहे. त्या सोसायटीतल्या कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये काम करतात, किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर पडल्या, महिन्यात किती दिवस आल्या, आणि लोकांनी त्यांना दिलेले स्टार. कुणीतरी दोन स्टार देऊन लिहिलंय की सुट्ट्या जास्त घेते. (मागच्या वर्षी त्यांच्या सुनेचं बाळंतपण होतं, पण ते कोण लिहिणार.) हे पान सोसायटीतल्या कुणालाही दिसतं, फक्त मावशींना दिसत नाही, कारण त्यांच्याकडे साधा बटनाचा फोन आहे.

सेक्रेटरी काकांशी मी बोलले. माणूस चांगला आहे, सोसायटीसाठी खूप करतात, पण त्यांचं म्हणणं तीन वाक्यांत संपलं: पोलिसांचं कंपल्सरी आहे, कंपनीच्या सिस्टीममध्ये आता दुसरा ऑप्शनच नाही, आणि ज्याला लपवायचं असतं तोच नाही म्हणतो. हे तिसरं वाक्य माझ्या मनातून जात नाहीये. लपवायचं काही नसलं तरी माझा चेहरा माझाच आहे ना. आणि ज्या बाईला नाही म्हटलं की चार घरची कामं जाणार, तिने हो म्हटलं तर त्याला संमती कसं म्हणायचं?

तर माझे प्रश्न असे आहेत की खाजगी कंपनी किंवा सोसायटी आधारची सक्ती करू शकते का, चेहऱ्याच्या स्कॅनला नकार देऊन दुसरा मार्ग मागता येतो का, पोलिसांचं खरंच असं काही आहे का, आणि हे सगळं मी सभासद म्हणून कुठे मांडू. मावशींचं काम जाऊ न देता करायचंय, हे सगळ्यात महत्त्वाचं. एक तारखेला बारा दिवस उरलेत.

– सांजवात_पुणे

.

प्रतिसाद: कोर्टाची_पायरी

ताई, वकिली करते म्हणून लिहितेय, पण हा सल्ला ढोबळ समजा, कागद बघितल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही.

आधारचं आधी. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २६ सप्टेंबर २०१८ ला आधारचा निकाल आला, पाच न्यायाधीश, चार विरुद्ध एक. त्यात आधार योजना टिकली, रेशनसारख्या सरकारी लाभांसाठी आधार मागणं टिकलं, पण आधार कायद्याच्या कलम ५७ मधला जो भाग खाजगी कंपन्यांना आधार पडताळणीची मुभा देत होता तो रद्द झाला. २०१९ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने ओळख पटवायला आधार वापरायची सोय आली, पण स्वेच्छेने. आणि ऑफलाइन पडताळणी (म्हणजे आधारच्या सर्व्हरशी न जोडता, कार्ड किंवा त्यावरचा कोड बघून) करणाऱ्याने आधार नंबर किंवा बायोमेट्रिक गोळा करून साठवायचं नाही असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे तुमच्या सेक्रेटरींना ओळखपत्र मागता येईल, पण आधारच पाहिजे, तेही दोन्ही बाजूंनी आणि ॲपमध्ये साठवून, याला कायद्यात कुठे जागा आहे ते त्यांना लेखी विचारा. मावशींकडे मतदार कार्ड असेलच. आधारच द्यायची वेळ आली तर मास्क केलेलं द्या, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

चेहऱ्याचं म्हणाल तर आयटी कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत, त्यात बायोमेट्रिक माहिती संवेदनशील धरलीय आणि कंपनीने ती घेण्याआधी लेखी संमती घ्यायला हवी. संमती न देण्याची आणि दिलेली परत घेण्याची मुभा पण त्यात आहे. टॅबसमोर डोळे मिचकवणं म्हणजे लेखी संमती नव्हे.

.

प्रतिसाद: दत्तवाडीचा_मधू

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी चोरी झाली, माझी आई एकटी घरात होती, कपाटातलं सोनं गेलं आणि आईने तेव्हापासून दुपारी दार उघडणं बंद केलंय. कोण आत आलं होतं ते वहीत वाचताच येत नव्हतं, अक्षर असं की नाव कळेना. अशा वेळी कमिटीला काहीतरी करावंच लागतं, सगळ्यांना दुष्ट ठरवू नका. विमानतळावर आपण डिजियात्राला चेहरा देतोच ना, मग गेटवर दिला तर काय बिघडलं?

.

सांजवात_पुणे

मधूदादा, राग अजिबात नाही, आईंचं वाचून खरंच वाईट वाटलं. सुरक्षा नको असं मी म्हणतच नाहीये. मावशींचं पोलिस व्हेरिफिकेशन मीच चार वर्षांपूर्वी करून घेतलंय, फोटो, पत्ता, सगळं दिलंय, त्यांनीही आनंदाने दिलं, कारण तो कागद कुठे जातो ते त्यांना माहीत होतं, त्या स्वतः माझ्याबरोबर चौकीत आल्या होत्या. पण डिजियात्राचं उदाहरण घेतलंत म्हणून सांगते, तिथे मला नको असेल तर शेजारची रांग आहे, ओळखपत्र दाखवून तिकीट दाखवून मी जाऊ शकते, विमान काही माझ्याशिवाय सुटत नाही. आमच्या गेटवर मावशींना दुसरी रांगच ठेवली नाहीये. मी फक्त ती दुसरी रांग मागतेय. आणि चेहरा द्यायचाच असेल तर फक्त भांडी घासणाऱ्यांचाच का? आपल्याकडे येणारा भाचा, मित्र, भाडेकरूचे पाहुणे, यांचा का नाही?

.

प्रतिसाद: निळा_ठिपका

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मावशींनी विचारलेल्या दोन प्रश्नांवरच लिहितो कारण ते प्रश्न अगदी नेमके आहेत.

फोटो कुठे जातो? अशा सिस्टीममध्ये चेहऱ्याचा नुसता फोटो राहत नाही, त्यावरून आकड्यांची एक मालिका बनते आणि पुढच्या वेळी ती जुळवली जाते. ते बहुतेक वेळा गेटवरच्या टॅबमध्ये राहत नाही, कंपनीच्या सर्व्हरवर जातं. आणि पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. म्हणून तुमच्या कमिटीने कंपनीबरोबर जो करार केलाय तो मागा. डेटा किती दिवस ठेवणार, कोणाला देणार, करार संपल्यावर काय होणार हे त्यात असायला हवं. नसेल तर तेच तुमचं मोठं हत्यार आहे.

काम सोडलं तर परत देतात का? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आलाय, त्यात माहिती पुसून टाकायला सांगायचा हक्क आहे, संमती मुक्त आणि विनाअट हवी असं लिहिलंय, आणि संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीत मागता येईल. नियम मोडणाऱ्या कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत. पण अडचण अशी की नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. आणि त्याच कायद्यात सरकारने ठरवलेल्या सरकारी यंत्रणांना सुरक्षा आणि सुव्यवस्थेच्या नावाखाली सूट पण आहे. म्हणजे चेहरे कंपनी गोळा करणार आणि उद्या पोलिसांनी तपासासाठी लेखी मागितले की द्यावे लागणार. गेटच्या वहीची पानं मागता येत होतीच म्हणा, पण वहीत पाचशे बायकांचे चेहरे नव्हते.

.

प्रतिसाद: कोर्टाची_पायरी

निळा_ठिपका, बरोबर. पोलिसांचं कंपल्सरी आहे म्हणतात त्यावर एकच करा, आदेशाची प्रत मागा. तारीख, क्रमांक, कोणाची सही. घरकामगारांची किंवा भाडेकरूंची माहिती पोलिसांना देणं वेगळं आणि खाजगी कंपनीच्या ॲपमध्ये चेहरा साठवणं वेगळं, लोक दोन्हीची सरमिसळ करतात.

.

प्रतिसाद: आडगावची_सुमा

मी आमच्या सोसायटीत खजिनदार होते, नाशिकला. सांजवातताई, भांडू नका, कागद करा. हा निर्णय सर्वसाधारण सभेत झाला की कमिटीने परस्पर घेतला? त्या सभेचं इतिवृत्त सभासद म्हणून फी भरून मागा, द्यावंच लागतं. परस्पर घेतला असेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते, उपविधी बघून घ्या. १८६ फ्लॅट म्हणजे निदान ३८ सह्या. तिथे ठराव एवढाच मांडा: ज्यांना स्कॅन नको त्यांच्यासाठी ओळखपत्र आणि रजिस्टर सुरू ठेवावं, आणि स्टार देण्याची सोय बंद करावी. नाहीच ऐकलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

आणि अजून एक. सह्या गोळा करताना फक्त फ्लॅटवाल्यांना विचारू नका. आमच्याकडे अशीच लिफ्टवरून भानगड झाली होती, कामवाल्या बायकांनी दुसरी लिफ्ट वापरायची म्हणून. आम्ही दोघीतिघी त्यांच्या वतीने बोलत बसलो, आणि शेवटी त्यांच्यातल्याच एकीने सभेच्या बाहेर उभं राहून जे सांगितलं त्याने काम झालं. पुण्यात तर १९८० साली मोलकरणींनी संप केला होता पगारवाढीसाठी आणि सुट्टीसाठी, त्यातूनच संघटना उभी राहिली. तुमच्या मावशींना त्यांच्या घरकामगार संघटनेत कुणी ओळखीचं आहे का विचारा. २००८ च्या घरकामगार कल्याण मंडळाच्या कायद्याखाली त्यांची नोंदणी झालीय का तेही बघा.

.

सांजवात_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी अपडेट देतेय.

इतिवृत्त मिळालं. निर्णय कमिटीच्या मीटिंगमधला आहे, सर्वसाधारण सभेत विषयच आलेला नाही. पोलिसांच्या आदेशाची प्रत मागितली तर काका म्हणाले शोधून देतो, अजून मिळाली नाही. कंपनीबरोबरचा करार इंग्रजीत आहे, चौदा पानं, रात्री बसून वाचला, त्यात घरकाम करणाऱ्यांना 'व्हिजिटर' म्हटलंय आणि त्यांचा डेटा किती दिवस ठेवणार याबद्दल एक ओळ नाही.

सह्या आजपर्यंत २६ झाल्यात. मधूदादा, तुमचं म्हणणं मी दारोदार आवर्जून सांगते, की चोरीची भीती खरी आहे आणि नोंद वाचता आली पाहिजे, म्हणून रजिस्टर छापील रकान्यांचं करा आणि नाव सिक्युरिटीने स्वच्छ लिहावं, असं पत्रात घातलंय. त्यामुळे चारपाच ज्येष्ठ लोकांनी सही केली.

आणि सुमाताई, तुमचं ऐकून मी मावशींनाच विचारलं की सभेला याल का. आधी नको म्हणाल्या. काल जाता जाता दारात थांबल्या, चप्पल घालता घालता म्हणाल्या, "येते, पन मी एकटी न्हाई, सी विंगच्या दोघी हायत, त्यास्नीबी द्यायचा न्हाई फोटू, बोलल्या न्हाईत इतकंच."

आता एकच मदत हवीये. पत्राचा मसुदा मराठीत तयार आहे, पण संमतीचा एक साधा कागद पण हवाय, म्हणजे ज्या बायकांना स्कॅन द्यायचंय त्यांनाही कळेल की काय देतोय, किती दिवसांसाठी, आणि परत कसं मागायचं. अर्ध्या पानाचा, मोठ्या अक्षरात, वाचून दाखवता येईल असा. कोर्टाची_पायरी, तुम्ही नजर टाकाल का? १२ सह्या राहिल्यात, शनिवार रविवारी डी विंग करणार आहे.