कृषिदूत गावातून परत गेल्यावर मागे काय उरावे?

प्रश्न:
मी मराठवाड्यातील एका कृषी महाविद्यालयात शिकवतो. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात राहतात, रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवतात आणि अहवाल बांधून परत येतात. पावसाचे लांबलेले खंड आणि ऐन काढणीतली अतिवृष्टी या दोन्हींशी झुंजणाऱ्या गावाला उपयोगी पडेल असे काम याच उपक्रमातून कसे करून घ्यावे?

उत्तर १:
दरवर्षी गाव बदलू नका. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असे आपली विद्यापीठे सांगतात; पण शेतकऱ्याला कळतो तो महसूल मंडळाच्या केंद्रावरचा आकडा, आणि त्याच्या शिवारात पडलेला पाऊस पुष्कळदा निराळाच असतो. गावात साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद घेण्याची सवय लावली, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीने तीच वही पुढे चालवली, तर पाच वर्षांत गावाची स्वतःची नोंद तयार होईल.

उत्तर २:
मी हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी आहे. रुंद सरी वरंब्यावरची पेरणी मला पटलेली आहे, कारण जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि खंडात वरंब्यातली ओल टिकते. अडचण ज्ञानाची नाही, सर. गावात त्या पेरणीचे बीबीएफ यंत्र एकच आहे. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, दोन दिवस टिकतो आणि माझी पाळी चौथ्या दिवशी येते. विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकाऐवजी कोणाकडे कोणता ट्रॅक्टर आहे आणि कोणाची पेरणी कधी, याचे वेळापत्रक बसवून दिले, तरी मोठे काम होईल.

उत्तर ३:
कृषी विज्ञान केंद्रांमधील जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद झाली, हे माझ्या मते चुकीचेच झाले. परभणीच्या विद्यापीठाचा हवामान सल्ला मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. विद्यार्थ्यांनी तो नुसता पुढे न पाठवता, ‘फवारणी पुढे ढकला’ म्हणजे आपल्या शिवारात नेमके काय करायचे, हे पारावर बसून सांगावे.

प्रश्नकर्ता:
यंत्राच्या वेळापत्रकाचे मला सुचलेच नव्हते. यंदा ते अहवालाच्या गुणांत धरण्याचा प्रस्ताव मांडतो. पर्जन्यमापकाबद्दल एक शंका आहे: तो शाळेत बसवला, तर मे महिन्याच्या सुट्टीत वळवाच्या पावसाची नोंद कोण घेणार?

उत्तर २:
शाळेत नको, ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत बसवा. पाणीपुरवठ्याचा माणूस मोटार चालू करायला रोज सकाळी तिथे येतोच.