मदत हवी आहे: बाबांचा सीटी, साधा की डाय घालून? (पुणे, तातडीचं)

वैतागलेला_धायरीकर
मंडळी, पटकन सांगा, उद्यापर्यंत ठरवायचंय. बाबांची सोनोग्राफी झाली. उजव्या किडनीला माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस (लघवी अडून किडनी थोडी फुगलीय), खडा दिसत नाही, 'गॅसमुळे युरेटरचा मधला भाग दिसला नाही' असं रिपोर्टात आहे (युरेटर म्हणजे किडनीतून मूत्राशयात जाणारी नळी). डॉक्टरांनी सीटी करायला सांगितलाय. दोन सेंटरना फोन केले. एक म्हणतो साडेतीन हजार, दुसरा म्हणतो नऊ हजार, डाय (फोटोत पांढरं दिसणारं औषध, शिरेतून) द्यावा लागेल. एवढा फरक? लूट आहे की काय? साध्यात भागतं का? आणि कर्वे रोडच्या बाजूला चांगलं सेंटर कुठलं?

खडेमास्तर
तीनदा खडा झालेला माणूस बोलतोय, ऐका. साधा सीटी केयूबी (किडनी, युरेटर, मूत्राशय, डायशिवाय) करा, विषय संपला. पाच मिनिटांत बाहेर. खडा शोधायला डाय लागत नाही. डायही पांढरा, खडाही पांढरा, मग शोधा त्यात. युरिक ॲसिडचा खडा एक्स-रेत दिसत नाही, तोही सीटीत सापडतो. नऊ हजारवाल्याला नमस्कार करा.

शेवंती
कुळथाचं कढण द्या हो सकाळी अनशेपोटी. आमच्या ह्यांचा खडा पंधरा दिवसांत पडला. सीटीबिटी काही नको.

खडेमास्तर
आज्जी, ५ मिमीपर्यंतचे बरेचसे खडे आपोआपच पडतात. कुळथाने फुकटचं श्रेय घेतलं.

शेवंती
तुमचे तीन झाले ना? कढण घेतलं असतंत तर एकावर भागलं असतं.

मधलीसुट्टी
धागाकर्ते, वय काय? शुगर, बीपी? क्रिएटिनीन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) किती? चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय? नुसतं 'सीटी' असं कोणी लिहीत नाही.

वैतागलेला_धायरीकर
वय ६७. शुगर आहे, त्याची गोळी मेटफॉर्मिन चालू. क्रिएटिनीन बहुतेक केलं नाहीये. चिठ्ठी आईने कुठेतरी ठेवलीय. सेंटरचं नाव मात्र अजून एकानेही सांगितलं नाही!

पेठेतला_प्रवासी
उपाशीपोटी न्या. आमच्या मिसेस चहा-खारी खाऊन गेल्या तर परत पाठवलं. खाल्लं की पित्ताशय आकसतं, मग आतले खडे नीट दिसत नाहीत.

मधलीसुट्टी
पित्ताशयाचं विचारलंय कोणी?

पेठेतला_प्रवासी
माहिती असलेली बरी. शिवाय टिळक रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही, तेही सांगून ठेवतो.

हिरवाई
सीटीचं रेडिएशन माहीत आहे का? पोटाच्या एका सीटीला साधारण १० मिलिसिव्हर्ट, आणि निसर्गातून वर्षभरात सरासरी मिळतं २.४. एमआरआय करा, त्यात रेडिएशनच नाही.

खडेमास्तर
एमआरआयमध्ये खडा धड दिसत नाही. आणि केयूबी आता लो-डोसमध्येही करतात, ३ च्या आसपास जातो.

निळा_एप्रन
सीटीच्या मशीनवर काम करतो, डॉक्टर नाही. दोन पानं वाचली, पण सोनोग्राफी मुळात केली कशासाठी हे कोणी विचारलंच नाही. बाबांना दुखत होतं का?

वैतागलेला_धायरीकर
दुखत बिखत काही नाही. मागच्या महिन्यात दोनदा लघवी लालसर झाली. बीटाची कोशिंबीर खाल्ली असेल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्यांदा झाली तेव्हा घरात बीट नव्हतं, म्हणून दाखवलं. पण त्याचा इथे काय संबंध?

मधलीसुट्टी
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं!

निळा_एप्रन
सगळा संबंध त्याचाच आहे. बाबा सिगारेट ओढायचे का?

वैतागलेला_धायरीकर
ओढायचे. नोकरीत असताना रोज पाकीट. सोडून दहा वर्षं झाली.

निळा_एप्रन
मग नऊ हजारवाला लुटत नसावा. दुखल्याशिवाय रक्त जातंय, त्यात हे वय आणि सिगारेट. अशा वेळी डॉक्टरांना नुसता खडा शोधायचा नसतो, किडनीपासून मूत्राशयापर्यंत आतलं अस्तर बघायचं असतं, कुठे गाठ तर नाही ना. त्यासाठी सीटी युरोग्राफी. आधी डायशिवाय फोटो, त्यात खडा असला तर दिसतोच, तेव्हा खडेमास्तरांची शंका मिटली. मग डाय देऊन साधारण दीड मिनिटाने किडनीचा, आणि आठ-दहा मिनिटांनी डाय लघवीत उतरला की शेवटचा. नळी पांढरी भरलेली दिसते आणि मध्ये काही असेल तिथे काळी जागा राहते. साध्या सीटीत हे कळत नाही. मूत्राशयासाठी बहुतेक दुर्बीणही सांगतील, कारण तिथली बारीक गोष्ट सीटीत सुटू शकते. घाबरू नका, रक्त खडा, प्रोस्टेट, इन्फेक्शन यानेही जातं. पण बीटावर ढकलू नका.

खडेमास्तर
लघवीचं आधी सांगितलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो.

मधलीसुट्टी
हो हो.

वैतागलेला_धायरीकर
चिठ्ठी सापडली. पंचांगात होती. 'सीटी युरोग्राफी' आणि खाली 'सीरम क्रिएटिनीन' असं लिहिलंय. साडेतीन हजारवाल्याला मीच फोनवर 'किडनीचा सीटी' एवढंच बोललो होतो. आता मेटफॉर्मिनचं काय करायचं?

निळा_एप्रन
आधी रक्त तपासा, मग डॉक्टरांना विचारा, स्वतः गोळी बंद करू नका. ईजीएफआर (क्रिएटिनीनवरून काढतात तो किडनीच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली असेल तर डायनंतर ४८ तास थांबवायला सांगतात. डायची किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर बुकिंग करतानाच बोला. आणि बाबांना आधी सांगून ठेवा: डाय गेला की अंगभर गरम लाट येते, पार लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. पुरुष मंडळी या एका गोष्टीने टेबलावर ओशाळतात, हात खाली नेऊन चाचपतात, आणि फोटो हलतो.

हिरवाई
तीन फेऱ्या म्हणजे रेडिएशन आणखी वाढलं.

निळा_एप्रन
वाढलं, खरं आहे. म्हणून साध्या खड्याच्या पेशंटला हे सांगत नाहीत. इथे कारण आहे.

वैतागलेला_धायरीकर
क्रिएटिनीन १.१ आलं, डॉक्टर हो म्हणाले. उद्या साडेनऊची वेळ, कर्वे रोडलाच मिळालं. बाबा आता बीट खायला तयार नाहीत आणि आईने शेवंतीताईंचं वाचून कुळीथ भिजत घातलेत. तिथे पार्किंग आहे का, कोणाला माहीत आहे?

पेठेतला_प्रवासी
बघा, मी आधीच म्हणालो होतो.

निळा_एप्रन
रिक्षाने जा. जुन्या सोनोग्राफीची फिल्मही न्या, नुसता रिपोर्ट नको. आणि परत येताना राजाराम पुलावर अडकू नका, डायनंतर भरपूर पाणी प्यायला सांगतात.