अनुभव धागा: साक्षरता वर्ग आणि पुस्तकपेटी, बडोद्यात काय चालतं?

दांडियाबाजारकर: सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीकडे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते संस्थानभर नेलं. १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन आले, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. हे आपल्याला पाठ आहे. आज वर्ग किंवा पेटी चालवणाऱ्यांनी तंत्र लिहा. ‘वाचाल तर वाचाल’ नको, कृपया!

पाटीवाली: प्रौढ वर्गात आधी चष्मा, मग पाटी. चाळिशी ओलांडलेली बाई कागद लांब धरते तेव्हा ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. तिला जवळचं दिसत नसतं. +१ ते +२.५ नंबरचे तयार चष्मे वर्गात ठेवा. तरी डोळे तपासून घ्याच, मोतीबिंदूही निघतो.

लिपी कोणती? घरी मराठी असली तरी रेशनची पाटी, मुलाच्या शाळेची चिठ्ठी गुजरातीत, म्हणून आधी गुजराती. क-ख-ग क्रमाने गेलात तर महिनाभर एक शब्द वाचता येत नाही आणि माणसं गळतात. ग, म, न, र आणि काना, एवढ्यावर गाम, नाम, मग, नगर, गरम हे शब्द पहिल्याच आठवड्यात होतात. आकडे मात्र वेगळ्या दिवशी: गुजरातीत प आणि ५ जवळजवळ सारखेच दिसतात. ऱ्हस्व-दीर्घावर अडवू नका. घरकाम करणाऱ्यांना दुपारी ३ ते ४ सोयीचं पडतं. नवरात्रात वर्ग ओस पडणार, तेव्हा त्यानंतरचा आठवडा उजळणीला ठेवा.

पोळीतली पेटी: पाटीवाली ताई, चष्म्याचं अगदी खरं.
पेटीबद्दल: ३० पुस्तकं पुरे, त्यांतली निम्मी १६ ते २४ पानांची, मोठ्या टायपाची. दान म्हणून आलेली जुनी गाइडं सरळ रद्दीत घाला. ती पेटीत राहिली की मुलं पेटी उघडतच नाहीत. दंड लावू नका, दंडाच्या भीतीने पुस्तक घरीच राहतं. वहीत तीनच रकाने: नाव, पुस्तक, तारीख. कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालाल तो पूर्ण वाळलेलाच घाला, ओलसर पाल्याने बुरशी धरते. विश्वामित्री नदीच्या काठची वस्ती असेल तर पावसाळ्यात पेटी माळ्यावर.

रावपुरा_वाचक: गुजराती माध्यमातली आपली मराठी मुलं हिंदीमुळे देवनागरी वाचतात. ‘ळ’ही गुजरातीत असल्याने अडत नाही. अडतं ते ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधल्या अर्ध्या र वर आणि ‘चमचा’-‘चिमणी’तल्या च च्या दोन वेगळ्या उच्चारांवर. नियम सांगत बसू नका. मोठ्याने वाचून दाखवा, मग त्यांना वाचू द्या.

फुकट_पुस्तकं: ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी आणि गुजराती बालकथा मोफत आहेत, पातळी १ ते ४. छापून वाटता येतात, फक्त लेखक-चित्रकाराचं श्रेय ठेवायचं. तिथे अनुवादही करता येतो, म्हणजे दूर देशातल्या मुलांची गोष्ट इथल्या पेटीत येते. छापताना पान आडवं ठेवा, नाहीतर चित्रं कापली जातात.