फर्ग्युसनसाठी खोली: सदाशिव पेठ की कोथरूड?

नगरकर_बाबा: धाकटीला पुण्यात फर्ग्युसनला बीएस्सीला प्रवेश मिळालाय, हॉस्टेलला नंबर लागला नाही. कुठे खोली बघू?

पेठेतली_मावशी: दादा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर बघा, म्हणजे अख्खी खोली नाही, एक कॉट भाड्याने. मी स्वतः दोन मुली ठेवते, म्हणून थोडी बाजू घेतेच. फर्ग्युसनजवळचं डेक्कन नदीपलीकडे, लकडी पुलावरून चालत जाता येतं. मेस, झेरॉक्स, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, सगळं पायाखाली. पण डिपॉझिट देण्याआधी पाण्याची वेळ आणि रात्री दार कधी बंद होतं, हे मालकांना तोंडावर विचारा. आणि खोली संध्याकाळी बघा. सकाळी सगळ्याच गल्ल्या शांत असतात! रविवारी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खायला न्या. पाव नाही, स्लाइस मिळतो, नाक मुरडू नका.

वनाझवाला: कोथरूडही वाईट नाही. वनाझहून मेट्रोने डेक्कन, पुढे चालत. खोल्या हवेशीर.

पेठेतली_मावशी: हवेशीर खरं, पण रोजचं तिकीट धरा की हिशेबात.

नगरकर_बाबा: मावशी, तुमच्याकडे एखादी कॉट रिकामी आहे का?

पेठेतली_मावशी: जूनमध्ये होईल. मुलीलाच फोनवर बोलू दे, राहायचंय तिला.