काचबिंदू आणि वॉर्फरिन चालू असताना कोरड्या डोळ्यांवर चिनी उपचार घ्यावेत का?

सिंगापूरवासी: सासूबाई, वय ६४. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, वाचताना मधूनच धूसर दिसतं. काचबिंदूसाठी रात्री लॅटानोप्रोस्टचा थेंब, हृदयाच्या झडपेसाठी वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी). इथल्या चिनी वैद्यांनी 'छी जू दी हुआंग' गोळ्या, शेवंतीचा चहा आणि डोळ्यांभोवती सुया सुचवल्यात. काय घ्यावं? काचबिंदूचा थेंब थांबवला तर चालेल का?

दृष्टितपासनीस: थेंब अजिबात थांबवू नका. बहुतेकांचा डोळ्यातला दाब न दुखता वाढतो आणि गेलेली नजर परत येत नाही, त्यामुळे 'बरं वाटतंय' याला अर्थ नाही. ॲक्युपंक्चरने काचबिंदू आटोक्यात राहतो, याला पुरेसा आधार नाही. मात्र बाटलीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलंय का ते बघा. हे संरक्षक द्रव्य स्वतःच डोळे कोरडे करतं. तसं असेल तर डॉक्टरांना बिनसंरक्षकाचा थेंब मागा. अनेकदा निम्मी तक्रार तिथेच मिटते.

वनौषधीवाली: त्या गोळ्यांत 'लिऊ वेइ दी हुआंग' या चिनी योगाची सहा औषधं, वर गोजी फळं आणि शेवंती. खरी अडचण गोजीची: वॉर्फरिनसोबत घेतल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढून रक्तस्राव झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. म्हणून गोळ्या नकोत. नुसती शेवंती सौम्य आहे (चिनी प्रमाण दिवसाला ५ ते १० ग्रॅम वाळकी फुलं), तरी आयएनआर बघणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. गाजरगवताची ॲलर्जी असेल तर तीही टाळा, कूळ एकच आहे. आणि चहाने डोळे धुऊ नका. तो निर्जंतुक नसतो.

सिंगापूरवासी: चहाच्या पाकिटात लाल सुकी फळं दिसतायत.

वनौषधीवाली: तीच गोजी. ते पाकीट बाजूला ठेवा. नुसती फुलं वेगळी मिळतात. डब्यातला गोड शेवंती चहा म्हणजे मुख्यतः साखरपाणी.

सुईचिकित्सक: नाकाकडच्या कोपऱ्यातला 'जिंगमिंग' बिंदू सक्त नको. सुई खोबणीत जाते, आत बारीक शिरांचं जाळं आहे. एरवीही तिथे सुई हळू घालतात, फिरवत नाहीत आणि काढल्यावर कापूस दाबून धरतात. वॉर्फरिनवर डोळ्यामागे रक्त साचलं तर नजरेलाच धोका. त्याऐवजी भुवईच्या आतल्या टोकाचा 'झानझू' आणि कानशिलावरचा 'ताइयांग' बोटाने हलके दाबा. दाब हाडावर पडू द्या, डोळ्यावर नाही. सुया घ्यायच्याच असतील तर टीसीएम (पारंपरिक चिनी वैद्यक) प्रॅक्टिशनर्स बोर्डाच्या नोंदवहीत वैद्याचं नाव शोधा आणि वॉर्फरिनचं आधी सांगा.

दृष्टितपासनीस: पापण्यांच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर शेक खरा उपयोगी. सुमारे ४० अंशांच्या पाण्यात कापड भिजवून पिळा, मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं ठेवा. ते दोनेक मिनिटांत निवतं आणि मग ग्रंथींतलं घट्ट तेल वितळत नाही. म्हणून पुन्हापुन्हा बुडवा. नंतर वरची पापणी खाली, खालची वर, असं बोटाने केसांकडे अलगद निरपा. डोळ्यात दोन वेगवेगळे थेंब घालायचे असतील तर त्यांत किमान ५ मिनिटांचं अंतर ठेवा. अचानक डोळा ठणकला, दिव्याभोवती वलयं दिसली किंवा नजर घसरली, तर शेक-चहा सोडून तडक इस्पितळात.